घोडा उताणा करा: कुंग फूचे स्टान्स मॅटवर कसे न्यायचे

हॉर्स स्टान्समध्ये, म्हणजे पाय फाकवून, गुडघे वाकवून घोड्यावर बसल्यासारखं, मी पाच मिनिटं बसायचो. मांड्या थरथरायच्या, घाम भुवईवरून डोळ्यात उतरायचा, पण घड्याळ वाजल्याशिवाय उठायचो नाही. क्लासमध्ये त्यामुळे थोडा भावही होता. मग एका मित्राबरोबर जुन्या नागपुरातल्या एका आखाड्यात गेलो. माझ्या वडिलांच्या वयाचे एक पैलवान समोर आले. त्यांनी माझं मनगट धरलं, दस्ती ओढली, म्हणजे धरलेला हात स्वतःकडे खेचला, आणि मी तोंडावर मातीत. ढकललं नाही, उचललं नाही, नुसतं ओढलं. वरून आवाज आला, "काऊन बे, घोड्यावर बसून राह्यला का?"

उठून तोंडातली माती थुंकली, तेव्हा त्यांनी पायाच्या अंगठ्याने जमिनीवर एक रेघ काढली. माझ्या दोन पावलांना जोडणारी. म्हणाले, या रेघेवर तू पक्का आहेस, आडवा ढकलला तर हलणार नाहीस. पण रेघेच्या पुढे काय आहे? मागे काय आहे? काहीच नाही. स्टूलला दोनच पाय असले तर ते कुठे पडणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

जमिनीवरची झटापट शिकताना मी पुढे जे काही केलं, ते या एकाच गोष्टीवर उभं आहे. प्रत्येक स्टान्सला दोन टेकू असतात आणि एक आंधळी बाजू असते. मॅटवर उतरलं की गुडघा, कोपर, खांदा, कपाळ, इतकंच काय समोरच्याची छातीसुद्धा तिसरा टेकू होऊ शकते. आपला तिसरा टेकू शोधायचा आणि समोरच्याचा काढून घ्यायचा, हा सगळा खेळ. दोन-तीन वर्षं कुंग फू किंवा कराटे केलेल्या, पण जमिनीवर कधीच न झगडलेल्या माणसासाठी हे लिहिलं आहे. शेजारी शिकवणारं कोणी नसेल तर यातलं दुसऱ्या पायरीतल्या भिंतीच्या सरावापर्यंतचं एकट्याने करा. जोडीतलं मात्र जाणत्या माणसाच्या नजरेखालीच.

"कुंग फूमध्ये जमिनीवरचं नसतंच" असं म्हणणारे बरेच भेटतात. ते पूर्ण खरं नाही. चीनमध्ये श्वाय-ज्याव ही जुनी कुस्ती आहे, सांधे पिरगळण्याची चिन-ना आहे, आणि जमिनीवर लोळत-पडत लढायची दी-तांग नावाची शैलीही आहे. पण श्वाय-ज्यावमध्ये समोरच्याला पाडलं की गुण मिळाले, तिथेच डाव संपला. पडल्यानंतर पुढे काय, याची गरजच पडली नाही. आपल्या कुस्तीत ती पडली, कारण इथे पाठ टेकवून चीत करायचं असतं. आणि ज्यूडोतून निघून ब्राझीलमध्ये वाढलेल्या जिऊ-जित्सूत तर पडल्यावरच खरी सुरुवात होते. आज जगभर ग्रॅपलिंग म्हणून जे शिकवतात त्यातलं बरंचसं या शेवटच्या घरातलं, म्हणून नावंही तिथलीच वापरतो.

जागा, कपडे, ऊन

तीन मीटर बाय तीन मीटर मोकळी जागा दोघांना पुरते. एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या मॅट मिळतात, साधारण एक मीटर चौकोनाच्या. कराटे क्लासमध्ये दिसतात त्या बहुतेक 20 ते 25 मिलिमीटर जाडीच्या. लोळण्यासाठी त्या चालतात, उभ्याने पाडापाडीसाठी नाहीत. त्याला 40 मिलिमीटर तरी हव्यात. फरशीवर सतरंजी टाकून करू नका. सतरंजी सरकते आणि तुमचं डोकं तिच्याबरोबर सरकत नाही.

कुंग फूचा तो सुंदर ड्रेस घरी ठेवा. कापडी बटणांच्या फासात बोट अडकतं, आणि अडकलेलं बोट आपल्या नाही तर जोडीदाराच्या झटक्याने वळतं. खिसा आणि चेन नसलेली पँट, अंगालगतचा टीशर्ट, पाय उघडे. नखं कापलेली. अंगठी, बाळी, मनगटातला धागा, गळ्यातला ताईत, सगळं बाहेर. जो धागा काढायचा नाही त्यावर चिकटपट्टी गुंडाळा.

नागपुरात वेळेचा प्रश्न ऋतूप्रमाणे बदलतो. एप्रिल-मे महिन्यात पारा 45 च्या पलीकडे जातो, तेव्हा टिनाच्या शेडखाली संध्याकाळी सहालासुद्धा भट्टी असते. सकाळी सहाला या आणि साडेसातला निघा. खिशात कांदा ठेवून भागत नाही, मीठ-साखरेचं पाणी ठेवा. जोडीदार अचानक चिडचिडा झाला, भोवळ आली म्हणाला किंवा त्याचा घाम थांबला, तर खेळ तिथेच बंद करून त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला. तो गोंधळल्यासारखा बोलायला लागला तर थेट दवाखाना. पावसाळ्यात त्रास वेगळा. मॅट वाळत नाही, आणि मग गजकर्ण. त्यावर शेवटी बोलतो.

थाप आणि तीन बैल

क्लासमध्ये आपण जोडी कशी लावतो ते आठवा. समोरचा एक ठोसा मारतो आणि हात हवेत ठेवून पुतळा होतो. मग आपण त्याच्यावर सात गोष्टी करतो. मॅटवर याचा काही उपयोग नाही, पण एकदम जोराची झटापटही नको. मी तीन टप्पे ठेवतो, आणि आमच्या मुलांना ते लगेच कळतात.

पहिला, तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल. जोडीदार नुसतं वजन देतो, हलत नाही. तुम्ही आकार शिकता. दुसरा, जुंपलेला बैल. तो ठरलेल्या एकाच दिशेने जोर लावतो, हळू, सारखा. तुम्ही टेकू शोधता. तिसरा, पोळ्याच्या दिवशीचा मोकळा बैल. तो त्या एका स्थितीतून सुटायचा खरा प्रयत्न करतो, तुम्ही थांबवता. एक मिनिट, मग थांबा, जागा बदला. नवीन माणसाने पहिला महिनाभर पहिल्या दोन बैलांवरच राहावं. नव्वद टक्के दुखापती घाईने तिसरा बैल सोडल्यामुळे होतात असं मी म्हणेन, आकडा मोजलेला नाही, गुडघे मोजलेले आहेत.

थाप म्हणजे हार नाही, थाप म्हणजे ब्रेक. जोडीदाराच्या अंगावर दोनदा थोपटा. हात अडकले असतील तर पायाने मॅटवर आपटा, नाहीतर तोंडाने "बस" म्हणा. थाप आली की त्या क्षणी सोडायचं, "आणखी थोडं" नाही. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो, आणि त्याआधी फारसं दुखतसुद्धा नाही. म्हणून "दुखलं की थापीन" हा हिशेब इथे चुकतो. सुरुवातीला गळा आवळणं आणि टाच पिरगळणं दोन्ही बंद ठेवा.

पहिली पायरी: खाली बसणं

क्रॉस स्टान्स, चिनी नाव श्ये-बू, पाय एकमेकांमागे घालून खाली बसतो तो. मॅटवर त्याचा एवढाच उपयोग: हात न टेकता जमिनीवर यायचं. पाय मागून ओलांडा, कुल्ला टाचेवर येऊ द्या, हनुवटी छातीला लावा, पाठ गोल करून मागे लोळा आणि दोन्ही तळहात शरीरापासून तिरपे, साधारण 45 अंशांवर, मॅटवर आपटा. रोज वीसदा करा. कुंग फूवाल्यांची एक वाईट सवय असते, पडताना सरळ हात मागे टेकवायची. सगळं वजन त्या एका कोपरावर येतं. ज्याला ही सवय आहे त्याने दोन्ही हातांत पायमोजे धरून लोळावं, मुठी मिटलेल्या राहतात आणि हात टेकवायचा मोह जातो.

बाकी झटापटीत पाय ओलांडून उभं राहू नका. ओलांडलेले पाय म्हणजे दोन टेकूंचा एक झाला. आणि जोडीदाराच्या पाठीवर चढून त्याच्या पोटापुढे घोटे एकमेकांत अडकवलेत, तर तो तुमचाच घोटा पिरगळेल.

दुसरी पायरी: घोडा उताणा

ही पायरी रेंगाळून करा. सगळा खजिना इथे आहे.

भिंतीसमोर पाठीवर झोपा. पावलं भिंतीला, खांद्याहून थोडी जास्त रुंद, गुडघ्यात काटकोन, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने उघडे. हा तुमचा हॉर्स स्टान्स, मा-बू, फक्त 90 अंश फिरवलेला. जमिनीच्या जागी भिंत आली, आणि जी आंधळी बाजू मागे होती ती आता पाठीखाली टेकली. आता टाचांनी भिंत दाबा. जोर मांडीत न अडकता कमरेत आणि तिथून खांद्यात पोचतोय का, बघा. कंबर मॅटवरून वर उचलली गेली तर पोचतोय. क्लासमध्ये वर्षभर "मुळं जमिनीत जाऊ द्या" ऐकलं होतं, मला ते पाठीवर झोपल्यावर कळलं.

आता भिंतीच्या जागी जोडीदार. तो गुडघ्यांवर, तुमची पावलं त्याच्या कमरेच्या हाडांवर. तो लाकडी बैल होऊन पुढे झुकतो, तुम्ही त्याचं वजन टाचांवर घेता. मग जुंपलेला बैल: तो छाती तुमच्याकडे आणायचा प्रयत्न करतो. इथे बहुतेक जण पाठ सपाट ठेवतात आणि चेपले जातात. सपाट पाठ हा टेकू नाही, ती नुसती चटई आहे. एका कुल्ल्यावर या, एक खांदा मॅटमध्ये रुतवा, वरचा गुडघा त्याच्या छातीपुढे आडवा. आता एक खांदा, एक कुल्ला, एक टाच, अशी तिपाई तयार झाली.

या तिपाईतून कंबर मागे सरकवण्याला श्रिंप म्हणतात, म्हणजे कोळंबी. समुद्र नसलेल्या गावात हे नाव थोडं विनोदी वाटतं, पण हालचाल तशीच असते. पाऊल मॅटवर, त्याने ढकला, कुल्ला मागे, हात पुढे. मॅटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा, मग उलट बाजूने दहा. कंटाळवाणं आहे. सोडू नका.

पाय कमरेला गुंडाळून धरणं, म्हणजे क्लोज्ड गार्ड, याच्यासाठी मल्लखांब केलेला जोडीदार मिळाला तर सोनं. मल्लखांब मुळात मल्लांच्याच सरावाचा, आणि खांबावर मांडीची पकड घेतलेल्या पोरांना पायांनी ओढून आणणं शिकवावं लागत नाही. आपण कुंग फूवाले गुडघे बाहेर उघडायला शिकतो, ते आत आवळायला शिकलेले असतात. दोन्ही लागतं.

कुस्ती केलेल्या जोडीदाराबद्दल एक सावधगिरी. तो पाठीवर येणारच नाही. चीत व्हायचं नाही हे त्याच्या हाडात आहे, म्हणून तो पोटावर पालथा पडून घट्ट राहील. कुस्तीत ते सुरक्षित. ग्रॅपलिंगमध्ये पालथं पडून पाठ दिली की गळ्याला वाट मोकळी. त्याची चूक काढत बसू नका, तो वेगळ्या नियमांचा शहाणपणा आहे. फक्त आज कोणत्या नियमांनी खेळतोय हे आधी बोलून घ्या.

तिसरी पायरी: घोडा सुलटा, पण घडी घातलेला

जोडीदार उताणा, तुम्ही त्याच्या पोटावर. याला माउंट म्हणतात. पहिल्या दिवशी प्रत्येक जण इथे खऱ्या घोड्यावर बसतो तसा ताठ बसतो, पाठ सरळ, हात मांडीवर. जोडीदाराने कंबर उचलली की पुढे उडतो. स्टान्सची घडी घालायची आहे: गुडघे मॅटवर, पावलांचा वरचा भाग मॅटला सपाट, त्याच्या कुल्ल्यांना चिकटलेला. माकडहाड आत वळवा, कंबर खाली आणि पुढे सांडू द्या.

सराव असा. तो हळूहळू कंबर उचलतो, तुम्ही ज्या बाजूला कलाल त्या बाजूचा हात लांब, डोक्याच्या पलीकडे टेकवता. तिसरा टेकू. मग तो शहाणा होतो: तुमचा तो हात आधी छातीशी अडकवतो, त्याच बाजूचा तुमचा पाय आपल्या पायाने अडवतो, आणि मग त्या बाजूला कंबर उचलून लोळतो. तुम्ही पडणारच, कारण त्या बाजूचे दोन्ही टेकू त्याने काढून घेतले. पैलवानांची रेघ मला इथे पुन्हा दिसली. दोघांनी पाच-पाचदा करा. पडणाऱ्याने पडताना कोणता टेकू कधी गेला हे तोंडाने सांगायचं.

चौथी पायरी: टाच उचला

बो स्टान्स, गोंग-बू: पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय सरळ. जोडीदार उताणा, तुम्ही बाजूने त्याच्या छातीवर छाती टाकून आडवे. त्याच्या कमरेकडचा तुमचा गुडघा वाकवून कमरेला चिकटवा, डोक्याकडचा पाय सरळ मागे. झाला बो स्टान्स, पोटावर पडलेला. पण क्लासमध्ये मागची टाच जमिनीला टेकवायची सक्ती असते, इथे ती उचललेली हवी. बोटं दुमडून मॅटमध्ये रोवा आणि मागचा गुडघा मॅटवरून वर. गुडघा टेकला की तुमचं निम्मं वजन मॅट उचलते. गुडघा वर गेला की सगळं वजन त्याच्या छातीवर जातं, आणि तिसरा टेकू तोच. साठ किलोचा माणूस ऐंशीचा वाटतो तो यामुळे.

कमरेकडचा गुडघा हलवू नका. त्याचा गुडघा मध्ये घुसून पुन्हा गार्ड लावायची वाट तीच आहे. मागचा पाय मात्र त्याच्या हालचालीप्रमाणे फिरवत राहा.

पाचवी पायरी: रिकामा पाय

कॅट स्टान्सचं चिनी नाव शू-बू, म्हणजे रिकामी पायरी. वजन मागच्या पायावर, पुढचा नुसता टेकलेला. कोणता पाय भरलेला आणि कोणता रिकामा, हे ओळखण्याचा सराव. मॅटवर बसा, जोडीदार समोर गुडघ्यांवर. तुमच्या दोन्ही पावलांचे वरचे भाग त्याच्या मांड्यांखाली, आतून. हा बटरफ्लाय गार्ड. तुमचा डावा हात त्याच्या उजव्या काखेखालून पाठीवर, तुमच्या उजव्या हाताने त्याचा डावा हात कोपराशी धरा. उजव्या कुल्ल्यावर कलंडा आणि डाव्या, रिकाम्या पायाने त्याची मांडी उचला. त्याचा डावा हात टेकायला मोकळा नाही, म्हणून तो तिकडे पडतो. दोन्ही पायांनी एकदम उचलायला गेलात तर काहीच होत नाही, उलट तुमचीच पाठ टेकते.

सहावी पायरी: उठणं

पू-बू म्हणजे एका पायावर पूर्ण बसून दुसरा बाजूला सरळ ताणतो तो स्टान्स. त्याचा मॅटवरचा भाऊ म्हणजे उठण्याची पद्धत. बसलेले असताना उजवा तळहात मागे टेकवा, डावं पाऊल मॅटवर सपाट, डावा हात चेहऱ्यापुढे. हात आणि पाऊल दाबून कंबर उचला, उजवा पाय खालून मागे ओढून घ्या, पाऊल टेकवा, मग हात उचला. या क्रमाने. हात आधी उचललात तर मधल्या क्षणाला एकाच पायावर असता आणि जोडीदाराने नुसतं बोट लावलं तरी बसता. मघाशी मागे टेकलेल्या सरळ हाताला शिव्या दिल्या, आणि आता मीच टेकवायला सांगतोय. फरक असा की इथे पडत नाही आहोत, वजन आपल्या ताब्यात आहे.

ज्यांचा गुडघा आत कोसळतो त्यांनी पू-बू अर्ध्याच खोलीपर्यंत करावा. गुडघा बोटांच्या दिशेतच राहायला हवा. तो आत गेलेला असताना वरून जोडीदाराचं वजन आलं, तर गुडघ्याचा स्नायुबंध फाटायला तेवढं पुरतं.

आठवड्याचं गणित

तीन दिवस, पाऊण तास. दहा मिनिटं उभे स्टान्स, पण क्लाससारखे पुतळे होऊन नाही: जोडीदार मनगट धरून कुठल्याही दिशेने ओढतो, तुम्ही आंधळ्या बाजूला पाऊल टाकता. घोड्याला पुढे ओढलं की तो बो स्टान्स होतो, इतकं जमलं तरी माझ्यासारखी माती खावी लागणार नाही. मग दहा मिनिटं लोळणं आणि श्रिंप, वीस मिनिटं एकच पायरी, तीन बैलांसह. उरलेली पाच मिनिटं मॅट पुसायला.

जोडीदार बदलत राहा. एकाच मित्राबरोबर वर्षभर केलं तर तुम्ही ग्रॅपलिंग नाही, तो मित्र शिकता. वजनात पंधरा किलोंच्या वर फरक असेल तर जड माणसाने खाली राहावं, निदान पहिले दोन महिने.

आणि गजकर्ण. अंगावर गोल, लालसर, कडेला उठलेला आणि खाजणारा चट्टा दिसला की मॅटवर यायचं नाही, कितीही लहान असला तरी. मेडिकलमधून "खाजेची ट्यूब" मागून लावू नका. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं, खाज दोन दिवस थांबते आणि बुरशी पसरते. त्वचेच्या डॉक्टरांकडे जा आणि त्यांनी सांगितलेल्या दिवसांपर्यंत औषध घ्या, चट्टा दिसेनासा झाला म्हणून मध्येच थांबवू नका. घरी गेल्यावर अर्ध्या तासात साबणाने अंघोळ, कपडे त्याच दिवशी धुवायचे, टॉवेल कोणाचा मागायचा नाही, द्यायचा नाही. मॅट जंतुनाशकाच्या पाण्याने पुसून उभ्या करून वाळवा. एकावर एक रचून कोपऱ्यात ठेवल्या तर ऑगस्टमध्ये त्या वाळतच नाहीत.